मादी काय खाते, ते जिऱ्याच्या पळण्यात दिसतं: विदर्भात मत्स्यबीज सुरू करणाऱ्यांसाठी

रोहूच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याचं तोंडही उघडलेलं नसतं. चार-पाच मिलिमीटरचा काचेसारखा धागा आणि पोटाशी चिकटलेली पिवळसर पिशवी, एवढंच काय ते. अधूनमधून शेपूट मारत वर जातं आणि पुन्हा खाली पडतं. ती पिशवी म्हणजे बलक, पुढच्या तीन दिवसांची त्याची शिदोरी. डोळा, मेंदू, मणका, जबडा सगळं या शिदोरीतूनच घडतं. शिदोरी बांधणारी असते मादी, आणि ती हे काम पावसाळ्यात करत नाही. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत करते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलाव (मालगुजारीच्या काळातले जुने तलाव) आणि बोड्या (शेतातली लहान तळी) आहेतच, आता शेततळीही वाढली आहेत. बीजाला मागणी आहे म्हणून नवीन माणूस हॅचरी टाकतो. गोल टाक्या, पंप, इंजेक्शनच्या कुप्या यांवर पैसा घालतो आणि प्रजनक मादीपुढे, म्हणजे अंड्यांसाठी पोसलेल्या मादीपुढे, वर्षभर कोंडा-ढेप टाकतो. मग जून-जुलैत अंडी पडतात, पण जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतं निघालेलं बारीक पिल्लू, टिकत नाही. दोष पाण्याला जातो, नाहीतर इंजेक्शनला. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या कार्प (रोहू, कटला, मृगळ यांच्या गटातल्या) माशांचं प्रजनन यशस्वी केलं, तेव्हापासून अंडी हवी तेव्हा मिळू लागली. पण इंजेक्शन अंडी सोडवतं, घडवत नाही. जे पोटात भरलेलंच नाही ते कुठल्याही कुपीतून येत नाही.

मादीच्या पोटात काय चालतं

थंडी ओसरून पाणी तापू लागलं की मादीचं यकृत बलकाचं प्रथिन बनवायला घेतं. ते रक्तातून अंडाशयात जातं आणि त्याच्यासोबत चरबी, जीवनसत्त्वं, खनिजंही जातात. मादीच्या रोजच्या खाण्यात नसेल तर ती स्वतःच्या अंगातलं काढून देते. तेही संपलं की अंडी कमी होतात, लहान राहतात किंवा दिसायला बरी पण आतून पोकळ निघतात. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, कारण फलन नीट होतं, उबवणीही बरी होते आणि पिल्लं मरतात ती तलावात गेल्यावर, तुमच्या डोळ्यांआड.

कशाच्या कमतरतेने काय बिघडतं हे माहीत असलं की पुढची निम्मी कामं सोपी जातात.

डीएचए हे ओमेगा-३ गटातलं एक मेदाम्ल, म्हणजे चरबीचा एक घटक. डोळ्याचा पडदा आणि मेंदू यांच्या बांधणीत ते लागतं. ते कमी पडलं तर पिल्लू जिवंत असतं, पोहतंही, पण सावली पडल्यावर दचकायला उशीर लावतं आणि समोरचा सूक्ष्म जीव टिपताना चुकतं. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर रेड ड्रम या समुद्री माशावर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. मादीचं खाद्य बदललं की अंड्यातली मेदाम्लं बदलतात आणि पिल्लांची शत्रूपासून निसटण्याची चपळाई त्यानुसार कमी-जास्त होते, असं तिथे दिसलं. हा परिणाम पिल्लं स्वतः खायला लागल्यावरही बरेच दिवस राहतो. रेड ड्रम हंगामात पुन्हापुन्हा अंडी घालतो, म्हणून खाद्यातला बदल त्याच्या अंड्यांत लवकर उतरतो. आपल्या रोहू-कटल्याचं तसं नाही. त्यांची मादी चार महिने एकच मोठी भरणी करते, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी खुराक सुरू करून फारसं काही साधत नाही.

क जीवनसत्त्व कमी असेल तर कूर्चा आणि मणका नीट धरत नाहीत, वाकडी पिल्लं निघतात. ई जीवनसत्त्व कमी असेल तर बलकातली चरबी खवट होते आणि उबवण घसरते. जस्त, मँगेनीज, फॉस्फरस यांच्या उणिवेचा फटका उबवणीला आणि हाडांना बसतो.

ब-१ म्हणजे थायमिनचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाल्टिक समुद्रातल्या सॅमन माशांची पिल्लं बलक संपायच्या सुमारास गोल गोल फिरून मरू लागली. १९७४ साली स्वीडनमध्ये हे पहिल्यांदा लक्षात आलं, म्हणून त्या विकाराला एम-७४ म्हणतात. मूळ निघालं अंड्यातल्या थायमिनच्या तुटवड्यात, आणि पिल्लांना थायमिनच्या पाण्यात बुडवलं की ती सावरत. काही माशांच्या कच्च्या मांसात थायमिन मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे अशी मासळी खाणाऱ्या माद्यांच्या अंड्यांत हा तुटवडा येऊ शकतो. आपल्याकडे सॅमन नाही, पण स्वस्त पडते म्हणून चिल्लर मासळी कच्चीच कुटून प्रजनकांना घालायची सवय आहे. ती उकळून घाला, उकळल्यावर ते विकर निकामी होतं.

पायरी १: प्रजनक निवडा, दिवाळीनंतर

दोन ते पाच वर्षं वयाचे, दोन ते पाच किलोचे मासे घ्या. पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या मादीची अंडी लहान असतात, त्यामुळे सगळा भर तिच्यावर नको. जखमी, उवा लागलेले, डोकं मोठं आणि अंग बारीक असे मासे बाजूला काढा. नर-मादी एकाच तलावातले, एकाच आईबापाचे नकोत. नर दुसऱ्या ठिकाणाहून आणा.

पायरी २: तलाव

अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठ्यांच्या तलावात एकूण ३०० किलो प्रजनक पुरे. उन्हाळ्यातही दीड ते दोन मीटर पाणी राहील असाच तलाव निवडा. कटला वरच्या थरातला प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खाणारा मासा आहे, टोपलीतल्या खाद्याकडे तो कमीच वळतो, म्हणून त्याच्यासाठी पाण्यातच अन्न तयार व्हायला हवं. महिन्याला २०० किलो शेण दोन-तीन हप्त्यांत टाका. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा जेमतेम दिसेनासा होईल इतकं पाणी हिरवट-तपकिरी हवं. त्याहून गडद झालं तर शेण थांबवा. पाण्यातले बारीक वल्हवणारे जीव डीएचएचा चांगला नैसर्गिक स्रोत आहेत आणि ते फुकट मिळतात. कटल्याचं बीज दरवर्षी दगा देतं अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी आधी हात बुडवून पाहावा.

पायरी ३: खाद्य

प्रथिनं ३० टक्क्यांच्या आसपास आणि चरबी चांगल्या जातीची, हे सूत्र धरून १० किलो खाद्यासाठी हे प्रमाण घ्या:

- शेंगदाणा ढेप: २.५ किलो
- सोयाबीन ढेप (तेल काढलेली): २ किलो
- सुकी मासळी किंवा सुके झिंगे, कुटून: १.२ किलो
- धानाचा ताजा कोंडा: ३.३ किलो
- भाजून कुटलेला जवस: ७०० ग्रॅम
- माशांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण: १०० ग्रॅम
- मासळीचं तेल: २०० ग्रॅम

वरून ई जीवनसत्त्वाच्या ४०० मिलिग्रॅमच्या ५ कॅप्सूल आणि क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या. मिश्रणाच्या पाकिटावर ही दोन्ही आधीच भरपूर दिलेली असतील तर वेगळी घालू नका.

जवस आपल्या भागातलं जुनं पीक. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं. ते थेट डीएचए नाही, पण गोड्या पाण्यातले कार्प मासे त्यापासून थोडंफार डीएचए अंगात बनवू शकतात. समुद्री माशांना हे जवळपास जमत नाही. म्हणून मासळीच्या तेलाचा थोडा भार जवसावर टाकता येतो, सगळा नाही. चटणीसाठी भाजतो तसाच मंद आचेवर, तडतडेपर्यंत भाजायचा. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात आणि जवसाच्या ढेपेत ब-६ जीवनसत्त्वाला मारक घटक असतो, त्यामुळे ७०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. कुटलेला जवस आठवडाभराचाच करा. वास कडवट आला की तो खाद्यात नाही, खतात जातो.

कोंडा गिरणीतून आणला त्या दिवसापासून खवट होऊ लागतो, कारण त्याच्यातच तेल फोडणारं विकर असतं. गोंदिया, तुमसर, ब्रह्मपुरीकडे भातगिरण्या हाताशी आहेत, तेव्हा दोन महिन्यांची पोती भरून ठेवायचं कारण नाही. आठवड्याला आणा. खवट कोंडा मादीच्या अंगातलं ई जीवनसत्त्व खर्ची घालतो. कॅप्सूल घालायची आणि वर खवट कोंडा द्यायचा, म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. शेंगदाणा ढेपेलाही ओल लागू देऊ नका. बुरशी धरलेल्या ढेपेतलं विष थेट यकृतावर बसतं आणि बलक बनतो तोच यकृतात.

आता सरकी ढेप. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे ती प्रत्येक दुकानात मिळते, गाय-म्हैस आनंदाने खाते, म्हणून माशालाही घातली जाते. सरकीत गॉसिपॉल असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं. माशाला ती सोय नाही. गॉसिपॉल प्रजननाला मारक आहे आणि लायसिन या प्रथिनघटकाला बांधून ठेवतं. खाण्याच्या माशांना थोडी सरकी चालवून घ्या हवं तर, पण प्रजनकांच्या तलावावर तिचं पोतंच नेऊ नका.

करायची रीत अशी: दोन्ही ढेपा रात्री भिजत घाला. सकाळी कोंडा आणि मासळीची कुटी मिसळून वीस मिनिटं शिजवा. घट्ट गोळा झाला की उतरवा आणि हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. मग जवस, खनिज मिश्रण, पाण्यात विरघळवलेल्या गोळ्या, आणि सगळ्यात शेवटी तेलात फोडलेल्या कॅप्सूल. हा क्रम उलटा केला आणि गोळ्या उकळत्या गंजात (पातेल्यात) टाकल्या तर क जीवनसत्त्व वाफेसोबत गेलं समजा. तेल शेवटी चोळलं की पाण्यात जीवनसत्त्वं विरघळून जाणंही कमी होतं. गोळा रोज ताजा करायचा.

बाजारातलं तरंगतं खाद्य घालायचं असेल तर ते वाढीचं आहे की प्रजनकांचं हे विचारून घ्या. वाढीच्या खाद्याने मांस वाढतं. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने प्रजनकांसाठी ‘सिफाब्रूड’ नावाचं खाद्य तयार केलं आहे. ते मिळालं तर वरची सगळी खटपट वाचते.

पायरी ४: किती आणि कधी

डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड असतं, मासा कमी खातो. वजनाच्या १ टक्का द्या, ३०० किलोला ३ किलो. संक्रांतीनंतर पाणी तापू लागलं की २ टक्के आणि होळीच्या आसपास, भूक दिसली तर, ३ टक्क्यांपर्यंत. एप्रिलपासून पुन्हा दीड-दोन टक्के. रोज ६ किलो लागत असेल तर ३ कॅप्सूल आणि ६ गोळ्या, हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा.

टोपल्या चार ठिकाणी बांधा, दोन मधल्या पाण्यात रोहूसाठी, दोन तळाशी मृगळासाठी. दोन तासांनी उचलून पाहा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. जास्त खाऊ घातलं की जास्त अंडी, हा नवख्याचा ठरलेला गैरसमज. नुसत्या कोंड्यावर पोसलेल्या मादीचं पोट फुगतं ते चरबीने. ती इंजेक्शनला दाद देत नाही, दिली तरी अंडी तुटक पडतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नर आणि मादी वेगवेगळ्या तलावांत ठेवा. नराचं खाणंही हेच, फक्त तेल अर्धं केलं तरी चालतं.

पायरी ५: मे महिना

विदर्भात हीच खरी परीक्षा. हवा ४५ अंशांना टेकते, बोडीचं पाणी कमरेखाली येतं आणि मादी खाणं सोडते. पाणी ३४ अंशांच्या वर राहू लागलं की भरत आलेली अंडी मादीच्या अंगात परत जिरू लागतात. चार महिन्यांचा खुराक तीन आठवड्यांत वाया जातो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रात्री सोडा, तलावाच्या एका कोपऱ्यावर मांडव घाला, खाद्य सकाळी सातच्या आत द्या. या दिवसांत ‘पोट किती भरलं’ म्हणून वारंवार जाळं ओढू नका. ताणलेल्या मादीच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक अंड्यांतही उतरतं आणि पिल्लांच्या वागण्यावर त्याचा परिणाम होतो. पंधरा दिवसांत एकदा, तेही पहाटे, एवढं पुरे.

पायरी ६: मृग लागल्यावर

मादीचं पोट दोन्ही बाजूंनी मऊ आणि फुगीर, गुदद्वार लालसर सुजलेलं. नराचे छातीचे पर खरखरीत आणि पोट हलकं दाबल्यावर दुधाळ स्राव. हे दिसलं तरच मासा उचला. आदल्या दिवशी खाद्य बंद. ओव्हाप्रिमसारखं तयार इंजेक्शन रोहू मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, कटल्याला ०.४ ते ०.५ मिली, नराला ०.१ ते ०.३ मिली. पाऊस लांबला म्हणून दोन-तीन आठवडे वाट पाहत राहू नका. टाकीत गार, फिरतं पाणी देता येत असेल तर मादी तयार असताना काम उरका.

पायरी ७: अंडी आणि जिरं पारखणं

इथे बहुतेक जण फक्त टक्केवारी मोजतात. मोजायचं आहेच. अंडी पडल्यावर चार-पाच तासांनी बशीत शंभर अंडी घ्या. पारदर्शक ती फलित, पांढरी दुधाळ ती मेलेली. ८५ च्या वर फलित म्हणजे ठीक. पाणी २७-२८ अंश असेल तर १४ ते १८ तासांत पिल्लं फुटतात. त्यांतली शंभर भिंगाखाली पाहून वाकडी किती, बलकाची पिशवी पाण्याने फुगल्यासारखी किती, हे वहीत लिहा.

पण मादीच्या खुराकाचा खरा निकाल तिसऱ्या दिवशी, जिरं पोहू लागल्यावर लागतो. पांढऱ्या टबात दहा लिटर पाणी आणि अंदाजे दोनशे जिरं घ्या. हाताने पाणी एकाच दिशेने एकदा ढवळा आणि हात काढा. सशक्त जिरं वळून धारेकडे तोंड करतं आणि कडेला लागून पोहतं. अशक्त जिरं पाण्यासोबत वाहत मधोमध गोळा होतं, चहा ढवळल्यावर भुकटी कपाच्या मधे जमते तसं. शंभरात दहाच्या वर मधे जमली तर ही खेप कमजोर. पाणी स्थिर झालं की टबाच्या कडेवर बोटाने टिचकी मारा. चांगली खेप एका झटक्यात फाकते. जी रेंगाळून, एकेक करत हलते, तिच्या डोळ्या-मेंदूच्या बांधणीवर शंका घ्या.

तिसरी पारख खाण्याची. प्लवंग असलेलं तलावाचं पाणी कापडातून मोठी कीड गाळून टबात घाला आणि सहा तासांनी वीस जिरं भिंगाखाली घ्या. अंग पारदर्शक असल्याने भरलेलं आतडं हिरवट-करड्या रेघेसारखं सरळ दिसतं. समोर अन्न असून ज्यांच्यात रेघ नाही त्यांना ते दिसलेलं नाही, नाहीतर टिपता आलेलं नाही.

कमजोर खेप फेकायची नाही, पण तिची सोय वेगळी लावायची. दहा गुंठ्यांच्या संवर्धन तलावात (जिरं वाढवायच्या लहान तलावात) ३ ते ५ लाख जिरं सोडतात, कमजोर असेल तर ३ लाखांवर थांबा. सोडण्याआधी १२ ते २४ तास, वारा पडलेला असताना, पाण्यातल्या किड्यांसाठी १.८ किलो साबण आणि ५.६ किलो तेलाचं मिश्रण पसरा. उलटे पोहणारे किडे उशिरा दचकणाऱ्या जिऱ्यालाच आधी गाठतात. पहिले पाच दिवस लाखामागे रोज ६०० ग्रॅम, नंतर १.२ किलो, शेंगदाणा ढेप आणि कोंड्याची समसमान बारीक भुकटी. पंधरा-वीस दिवसांनी ३० ते ४० टक्के उरणं नेहमीचं आहे. त्याहून बरंच कमी उरलं तर वही उघडा.

वही उलट्या दिशेने वाचायची. फलन कमी असेल तर आधी नर आणि मग मेमधलं तापमान पाहा. फलन चांगलं पण उबवण घसरलेली, तर कोंड्याचा वास आणि ई जीवनसत्त्व. वाकडी पिल्लं असतील तर क जीवनसत्त्व नेमकं कधी मिसळलं जातं ते उभं राहून पाहा, कारण दहात आठ वेळा गडी ते उकळत्या गंजातच टाकत असतो. बलक संपताना गोल फिरून मरत असतील तर कच्ची मासळी. उबवण उत्तम, टबात मात्र मरगळ, तर मासळीचं तेल, जवस आणि तलावाचं पाणी. एकट्या कटल्यात बिघाड असेल तर पाण्यातला प्लवंग. एक अपवाद ध्यानात ठेवा: टाकीत हवा कमी पडली तरी जिरं मरगळतं. म्हणून टबाची पारख नेहमी ताज्या, हवा खेळवलेल्या पाण्यात घ्या, नाहीतर पंपाचा दोष मादीच्या माथी बसेल.

जुलैत अंडी दिलेल्या मादीला त्याच हंगामात पुन्हा घ्यायचं असेल तर दुसऱ्या दिवसापासूनच पूर्ण खुराक सुरू करा आणि ४५ ते ६० दिवस थांबा. खुराकाशिवाय घेतलेल्या दुसऱ्या खेपेचं जिरं मोजायला भरपूर, पण टबात मधोमध जमणारं असतं.

हॅचरी नसलेल्या संस्थांनी आणि बचतगटांनी जिरं विकत घेताना टब, भिंग आणि टिचकी एवढं सोबत न्यावं. पिशवीत ऑक्सिजन भरायच्या आधी पाहू द्या म्हणावं. आणि एक प्रश्न विचारावा: मार्चमध्ये माद्यांना काय घालत होता?